वठलेल्या झाडातून पौराणिक शिल्प कोरताना या चुका टाळा

उभ्या खोडातून कोरलेला गरुड दोन-तीन पावसाळ्यांत पंख गमावून बसतो, तेव्हा पटाशी चालवणाऱ्याचा दोष क्वचितच असतो. पंख आडवा पसरायचा असं कागदावर ठरलं, त्याच दिवशी तो तुटायचंही ठरलेलं असतं.

चित्र आधी ठरवणं, खोड नंतर बघणं

लाकडाच्या रेषा खोडात उभ्या धावतात. आडव्या पंखात, पुढे केलेल्या हातात किंवा हवेत उडणाऱ्या शेपटीत त्या रेषा जेमतेम पंखाच्या जाडीइतक्याच लांब उरतात. अशा भागावर कुणी लोंबकळलं, की तो रेषेवरून सरळ सुटतो. म्हणून खोडाच्या आकारात मावणारी मूर्ती निवडा: खांबातून बाहेर येणारा नरसिंह, वेटोळे घालून वर चढणारा शेष, पंख मिटलेला गरुड, शेपूट अंगालगत घेऊन हात जोडून बसलेला मारुती. चतुर्भुज विष्णूचे शंख-चक्र धरलेले मागचे हात खोडावरच उठावात काढावेत. दशमुखी रावण मात्र एका खोडाला सहसा झेपत नाही. कडेची मुखं पातळ होतात आणि तीच आधी तडकतात.

बाहेर आलेला भाग हवाच असेल, तर तो वेगळ्या, वाळलेल्या लाकडाचा करा आणि त्याच्या रेषा हाताच्या लांबीच्या दिशेने ठेवा. १२ मिमीचा स्टेनलेस स्टीलचा आट्यांचा रॉड दोन्हीकडे किमान १२ सेमी आत जाईल असा इपॉक्सी गोंदाने बसवा. खोडातलं भोक आत जाताना किंचित वर चढतं ठेवा, नाहीतर पाणी रॉडवरून थेट आत उतरतं. खोड ओलं असताना हा जोड करू नये, कारण खोड आकसलं की तो सैल होतो.

आतली पोकळी न तपासणं

लाकडी हातोड्याने खालपासून वर ठोकत जा. भरीव खोडाचा आवाज टणक येतो, पोकळाचा ढोलासारखा. शंका आली तिथे ६ मिमीच्या लांब ड्रिल बिटने छिद्र पाडा आणि भुसा बघा. भुसा काळपट, ओलसर निघाला आणि बिट अचानक विनाविरोध आत सरकलं, तर तिथे कूज आहे. ढोबळ नियम असा, की भरीव भिंत त्रिज्येच्या एक तृतीयांश तरी हवी. ६० सेमी व्यासाच्या खोडाला १० सेमी. हा हिशेब कोरून झाल्यावर उरणाऱ्या लाकडाचा आहे, हेच नेमकं विसरलं जातं. बुंध्याशी कठीण, कंगोऱ्यासारखी बुरशी उगवलेली असेल, तर मुळांची तपासणी जाणकाराकडून करून घेतल्याशिवाय परांची बांधू नका.

जिवंत झाडावर खोल कोरू नये. सालीखालचा जिवंत थर गेला की तिथून कूज शिरते आणि शिल्पही जातं, झाडही.

तडा येणारच नाही असं धरून चालणं

अख्ख्या खोडाला तडा जातोच. वाळताना लाकूड वर्तुळाच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच केंद्राच्या दिशेने आकसतं, आणि हा ताण केंद्रापासून बाहेरपर्यंत फाटूनच मोकळा होतो. त्यातून समोरून खोल कोरलं, तर केंद्र चेहऱ्याच्या जवळ येतं आणि तडा नेमका नाकावरून जातो. उपाय सोपा आहे. पाठीमागे, बघणाऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला, चेनसॉने जवळजवळ केंद्रापर्यंत एक उभी खाच घ्या. बुंध्याचा खालचा अर्धा मीटर सोडा, तिथे ताकद लागते. लाकूड मग बहुतांशी या खाचेत फाकतं. चेहरा फांदीच्या गाठीवर घेऊ नका. गाठीभोवती रेषा फिरलेल्या असतात आणि पटाशी उकलत जाते.

पडलेल्या तड्यात कडक लांबी (पुट्टी) भरणं ही त्यावरची दुसरी चूक. पावसाळ्यात लाकूड फुगतं, लांबी फुगत नाही, आणि तडा शेजारी नव्याने पडतो. बारीक तडे तसेच राहू द्या. रुंद तड्यात त्याच जातीच्या लाकडाची पाचर एकाच कडेला चिकटवा, दुसरी कड मोकळी ठेवा.

पाण्याला वाट न ठेवणं

मुकुटाचा माथा म्हणजे कापलेल्या रेषांची उघडी तोंडं. तिथून पाणी सगळ्यात वेगाने आत जातं. माथा सपाट ठेवू नका, उतार द्या किंवा तांब्याचा पत्रा चढवा. मांडी, ओंजळ, पद्माच्या पाकळ्या, वेटोळ्यांमधल्या खाचा, जिथे पाणी साचेल तिथे ते वाहून जाईल असा उतार किंवा छिद्र काढा. बुंध्याभोवती शोभेसाठी काँक्रीट ओतलं की ओल अडकते. त्याऐवजी खडी पसरा आणि जमिनीचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा.

लेपाचा क्रम उलटा करणं

साल पूर्ण काढा, भुंगेरे तिच्याखालीच राहतात. मग लाकूड ओलसर असतानाच बोरॅक्सचं पाणी मारा: १० लिटर गरम पाण्यात ४५० ग्रॅम बोरॅक्स आणि ३०० ग्रॅम बोरिक ॲसिड, एकेक दिवसाच्या अंतराने दोन-तीन हात. आधी तेल लावलं तर हे आत मुरत नाही. वरून तेल लावलंच नाही, तर पावसात धुऊन जातं. त्यामुळे पृष्ठभाग वाळल्यावर रंगद्रव्य असलेलं, आत मुरणारं बाहेरकामाचं तेल लावा. चकचकीत वॉर्निश टाळा. पहिल्याच तड्यातून पाणी त्याच्याखाली शिरतं आणि तिथेच अडकतं, मग पापुद्रे सुटतात. जवसाच्या तेलाचे बोळे गुंडाळून ठेवू नका, ते आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा.

जमिनीवर उभं राहून न बघणं

चार मीटर उंचीवरचा चेहरा खालून आखूड दिसतो. तो थोडा मोठा घ्या, हनुवटी किंचित खाली झुकवा, डोळ्यांच्या खोबण्या गरजेपेक्षा खोल करा. परांचीवर अतिरेकी वाटलेली सावली खालून बरोबर दिसते. काम वरून खाली करत या. चेनसॉ शिडीवरून किंवा खांद्याच्या वर उचलून चालवू नये. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र अंगावर उसळतं. कोरीवकामाचं बारीक टोकाचं पातं तो धोका कमी करतं, संपवत नाही. सुरुवातीला धातुशोधक फिरवाच, जुन्या खोडात खिळे आणि तारा गिळलेल्या असतात. लाकडावर निळा-काळा डाग दिसला की जवळपास लोखंड आहे असं समजा.

दरवर्षी पावसाळ्यानंतर बुंध्यात जमिनीलगत स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. हाताच्या जोराने तो २ सेमी आत गेला, तर मुळं धरून ठेवतील या भरवशावर राहू नका. वरचं लाकूड टणक असेल तर शिल्प तिथून कापा आणि काँक्रीटच्या चौथऱ्यापासून ५ ते ८ सेमी वर उचललेल्या स्टीलच्या पायावर बसवा.