प्रबंधाचा विषय ‘सामूहिक स्मृती’ असेल तर

गोव्यात इतिहास किंवा समाजशास्त्रात एमए करणाऱ्यांना हल्ली हा विषय भारी आवडतो. माझा प्रबंध याच विषयावर झाला, तेव्हापासून धाकट्या मंडळींचे कच्चे खर्डे माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेकांची सुरुवात ठरलेली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स, 1925: माणूस एकटा आठवत नाही, कुटुंब, धर्म, वर्ग यांच्या चौकटीत आठवतो. मग फ्रेंच इतिहासकार प्येर नोरा आणि स्मृतिस्थळे, म्हणजे आठवण जिथे साठते त्या जागा. गोवा उजाडेपर्यंत अर्धा खर्डा संपलेला असतो. हे सगळे दोन-तीन पानांत उरका. परीक्षकाला ते पाठ असते.

यान आणि अलाइडा आसमान या जर्मन अभ्यासकांचा एक भेद मात्र खरोखर कामाचा आहे. तोंडी चालणारी आठवण साधारण 80 ते 100 वर्षे टिकते. त्यापुढे तिला सण, देऊळ, स्मारक, ग्रंथ असा टेकू लागतो. 1961ची गोवामुक्ती पाहिलेली माणसे अजून भेटतात, त्यांच्या मुलाखती घ्या. कुंकळ्ळीचा 1583चा पोर्तुगीजांविरुद्धचा उठाव सांगणारा साक्षीदार कुठून आणणार? पण त्या काळात कुंकळ्ळीहून फातर्प्याला नेलेल्या देवीच्या बारा छत्र्या दरवर्षी वाजतगाजत कुंकळ्ळीला येतात, बारा वांगडांच्या (म्हणजे गावकरी कुळांच्या), आणि त्या वांगडांत ख्रिस्ती घराणीही आहेत. तिथे प्रश्नावली घेऊन फिरू नका. छत्री कोण धरतो, वाटेत मान कुणाला मिळतो, कोण नुसतेच बघत उभे असते, ते टिपा.

सर्वांत जास्त खर्डे येतात ते कुर्डीवर. साळावली धरणात गेलेले सांग्यातले गाव, मोगूबाई कुर्डीकरांचे. उन्हाळ्यात पाणी उतरले की घरांची जोती उघडी पडतात, आणि वाडे व वाळकिणी या गावांत वसवलेली माणसे मे महिन्यात सोमेश्वराच्या उत्सवाला परत येतात. फोटो सुंदर मिळतात, हीच पंचाईत. निबंध ‘हरवलेले गाव’ म्हणून उसासे टाकत बसतो. ‘गावाची आठवण येते का?’ असे विचारले की ‘येते तर!’ एवढेच उत्तर मिळते. त्यापेक्षा ‘तुमच्या घरात कसं शिरायचं ते सांगा’ म्हणा. मग ओटा येतो, विहीर येते, आणि त्या विहिरीवर कुणाला पाणी भरू देत नव्हते तेही येते. भाटकाराला (जमीनमालकाला) आठवणारे कुर्डी आणि मुंडकाराला (त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला) आठवणारे कुर्डी एकच असेल असे गृहीत धरू नका.

एका खर्ड्यात एका आजीने गाव सुटल्याचे साल सांगितले होते, तिच्या लेकीच्या लग्नाचे. सरकारी कागदाशी ते जुळेना. खर्डा लिहिणाऱ्या मुलाने खाली टीप टाकली: ‘माहिती चुकीची.’ मी म्हटले, बाबा, तुझे प्रकरण तर इथून सुरू होते! इटलीतल्या तेर्नीमध्ये लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार 1949 मध्ये नाटोविरोधी निदर्शनात मारला गेला; गावकरी मात्र ते 1953च्या कामगारकपातीच्या लढ्यात घडले असे सांगत. मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी ती चूक दुरुस्त करून विषय मिटवला नाही, लोकांनी तारीख का सरकवली हे शोधले. आजीला गाव सुटणे आणि लेक सासरी जाणे एकत्र का आठवते, हे विचारायलाच हवे होते. कागदावरचे सालही द्याच. फरक दिसल्याशिवाय चर्चा कशाची करणार?

मराठी घरांतल्या मुलांना एक विषय अगदी उंबऱ्यावर सापडेल: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा 16 जानेवारी 1967चा जनमत कौल. विलीनीकरणाची निशाणी ‘फूल’ 34,021 मतांनी हरली, विरोधाची ‘दोन पाने’ जिंकली. तो दिवस आता अस्मिताय दीस म्हणून साजरा होतो. फुलाला मत दिलेल्या घरांत त्या दिवशी काय बोलतात, की बोलतच नाहीत? हे माझ्या वाचनात क्वचितच आले. वर्तमानपत्रांत ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने, ‘राष्ट्रमत’ विरोधात, आणि दोन्ही मराठी! दोन्हींच्या त्या महिन्याच्या फायली पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मागून बघा. घरच्या आजोबांची मुलाखत घेणार असाल तर तुम्ही नातू आहात हे प्रबंधात लिहा. ते तुम्हाला सांगतील तसे परक्याला सांगणार नाहीत.

मुलाखत कोकणीत झाली तर उतारा कोकणीतच ठेवा, खाली मराठी द्या. नावे बदला. परिशिष्टात तक्ता जोडा: वय, वाडा, जमीन होती की नव्हती, बाई की पुरुष. व्हायव्यात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘लोकांना असे वाटते, म्हणजे कुठल्या लोकांना?’ हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा तो तक्ता पुढे करता येतो.