दोन लांबच्या शहरांमधलं अंतर आणि फ्लाइटचा वेळ स्वतः कसा काढायचा

उदाहरणाला लंडन ते टोकियो घेऊ. सगळ्यात आधी एक करा, सपाट नकाशावर पट्टी लावून अंतर मोजू नका. नकाशावर सरळ रेघ मारली तर ती कझाकस्तान, चीनवरून जाते, पण पृथ्वी गोल आहे त्यामुळे खरा जवळचा रस्ता वर उत्तरेला वळून स्कँडिनेव्हिया आणि सायबेरियावरून जातो. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, लगेच पटेल. नाहीतर कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडा, लंडनवर राइट क्लिक करून 'मेजर डिस्टन्स' निवडा आणि मग टोकियोवर क्लिक करा, वाकडी रेघ दिसेल आणि आकडा येईल साधारण ९,६०० किमी. 'डायरेक्शन्स' वापरू नका, तिथे रस्त्याने जायचं अंतर शोधतात.

आता वेळ. मोठं जेट विमान वर स्थिर उडत असताना ताशी ९०० किमीच्या आसपास असतं. ९,६०० भागिले ९०० म्हणजे १० तास ४० मिनिटं. टेकऑफ, लँडिंग आणि रनवेपर्यंत हळूहळू जाणं यात वेग कमी असतो म्हणून वर अर्धा-पाऊण तास धरायचा, म्हणजे झाले साडेअकरा तासांच्या आत-बाहेर.

पण तिकिटावर आज १४ तासांच्या आसपास दिसेल, आणि लोकांचा गोंधळ नेमका इथेच होतो. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशियाचं आकाश ब्रिटिश आणि युरोपियन कंपन्यांना बंद झालं, जपानी कंपन्याही तिथून जाणं टाळतात, मग विमानं खालून मध्य आशियावरून वळसा घालतात आणि काही तर येताना चक्क अलास्का, ग्रीनलंडवरून येतात. हेलसिंकी ते टोकियो तर साडेनऊ तासांवरून १३ तासांवर गेलं. म्हणून अंतर काढलं की मधला देश उडू देतो का हे बघाच.

दुसरी गोष्ट वारा. ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, हिवाळ्यात जास्त जोरात. म्हणून न्यूयॉर्क ते लंडन ७ तासांच्या आत-बाहेर आणि परत जाताना तेवढ्याच अंतराला तासभर जास्त. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं! पूर्वेकडे जाताना वेळ थोडा कमी धरा, पश्चिमेकडे जाताना जास्त.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या असतात हे पक्कं लक्षात ठेवा. समजा हिवाळ्यात लंडनहून संध्याकाळी ७ ला निघालात आणि टोकियोला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ ला उतरलात, तर वजाबाकी २३ तास येते, त्यातून वेळेचा फरक ९ तास काढला की खरा प्रवास १४ तास. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ एक तास पुढे जातं, जपानचं बदलत नाही, म्हणून तेव्हा ८ तास काढायचे. उलट्या दिशेने येताना हा फरक वजा न करता मिळवायचा.

आणि हो, 'डायरेक्ट' लिहिलंय म्हणून मध्ये थांबणार नाही असं नसतं, डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, मध्ये उतरू शकते. न थांबणारी हवी असेल तर 'नॉनस्टॉप' हाच फिल्टर लावा.