काळ्या मातीतलं नत्र पावसाळ्यात कसं वाचवावं

इंदूरहून महूकडे जा किंवा देपालपूरकडे, जमीन बहुतेक काळीच. श्रावणात चार दिवस झड लागली की मका पिवळा पडतो आणि आपण म्हणतो, युरिया वाहून गेला. थोडा वाहतोही. पण बरंचसं नत्र हवेत उडालेलं असू शकतं.

मातीतले स्यूडोमोनाससारखे जिवाणू ऑक्सिजन असेल तोवर त्यावरच श्वास घेतात. मातीच्या पोकळ्यांत पाणी भरलं की ऑक्सिजन आत पोचत नाही, कारण पाण्यातून तो हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मग हे जिवाणू श्वासासाठी नायट्रेट, म्हणजे मातीतल्या नत्राचंच एक रूप, वापरू लागतात. त्याचा आधी नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायू होतो. साधारण ६० टक्क्यांहून जास्त पोकळ्या पाण्याने भरल्या की हा उद्योग जोर धरतो. अर्धवट हवा राहिली तर आणखी वाईट: शेवटची पायरी ऑक्सिजनने लवकर अडते आणि तापमानवाढीला हातभार लावणारा नायट्रस ऑक्साइड तसाच बाहेर पडतो.

म्हणून खताच्या आधी हवेची सोय करायची.

सुरुवात तपासणीने करा. हातभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर जमीन चिबड, म्हणजे पाण्याचा निचरा न होणारी, आहे. इतर मातीत राखाडी-निळसर डाग दिसतात. काळ्या मातीत ते ओळखणं अवघड, तिथे नाकावर भरवसा ठेवा. कुबट वास म्हणजे आत हवा नाही.

मग पाण्याला वाट द्या. उताराच्या दिशेने चर काढा, पेरणी रुंद वरंब्यावर करा. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा याच कामाचा होतो, आणि मुळंही गुदमरत नाहीत. गमल्यात रोपं असतील तर खालचं भोक मोकळं ठेवा, ताटलीत पाणी साचू देऊ नका.

आता युरिया. तो मातीत पडल्याबरोबर नायट्रेट होत नाही; आधी अमोनियम, मग काही दिवसांनी नायट्रेट. धोका इथेच आहे: वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असताना, दिलेल्या युरियाचं आठवड्याभरात नायट्रेट झालं आणि तेव्हाच झड लागली, तर जिवाणूंना आयतं ताट वाढल्यासारखं होतं. म्हणून सगळा डोस एकदम नको, दोन-तीन हप्त्यांत द्या. निंबोळीचा लेप असलेला युरिया हे रूपांतर लांबवतो. दर वेळी आधी वाफसा पाहा. मूठभर माती दाबा: हाताला चिखल चिकटला तर थांबा, गोळा होऊन बोटाच्या धक्क्याने फुटला तर द्या आणि लगेच मातीआड करा, नाहीतर अमोनियाच उडेल.

कच्चं शेण ऐन पावसात घालू नका. ते खाताना जिवाणू उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात. कुजलेलंच खत वापरा. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथेच बसवली. तीत ढीग ठरावीक दिवसांनी वरखाली करतात, ते आत हवा जावी म्हणूनच.

रब्बीत गव्हालाही हेच. पहिलं पाणी पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी देतात. वाफे तुडुंब भरू नका, आणि उभ्या पाण्यात युरिया फेकू नका. वाफसा येऊ द्या, मग द्या.