जुन्या एमजीबीतली सुट्या भागांची पिशवी: या चुका टाळा

इंग्लंडात शेफील्डहून मँचेस्टरकडे येताना स्नेक पास या डोंगरी रस्त्याच्या चढावर माझी 1972 ची एमजीबी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, गपकन बंद पडली. संध्याकाळचे सहा, वर पाऊस, फोनला रेंज नाही. तरी मी निवांत होतो, कारण मागे पिशवी होती. प्लगला ठिणगी पुरवणारं सामान, म्हणजे पॉइंट (उघडमीट होऊन ठिणगी पाडतात), कंडेन्सर, रोटर (फिरत ती ठिणगी एकेका प्लगकडे पाठवतो), हे तिन्ही ज्यात बसतात त्या डिस्ट्रिब्यूटरची कॅप, कॉइल, शिवाय फ्यूज, सगळं नवंकोरं. आधी रोटर बदलला. गाडी ढिम्म. मग कंडेन्सर. ढिम्म. पाऊण तासाने कॉइलवरच्या पांढऱ्या वायरीला हात लागला आणि ती हातातच आली. तिची चपटी क्लिप ढिली होऊन निसटली होती. पक्कडीने दाबून बसवली, चावी फिरवली, तरीही काही नाही! मी बसवलेला नवा रोटरच मुळात खराब होता. एक बिघाड गाडीने केला होता, दुसरा मी.

त्या संध्याकाळी माझ्या सगळ्या चुका एकदमच बाहेर पडल्या म्हणायच्या.

नवा भाग पिशवीत, जुना गाडीत

सगळेच हे करतात आणि हेच नेमकं उलट करायला हवं. नवा रोटर आणला की तो गाडीत बसवा, दोनतीनशे मैल चालवा, आणि काढलेला जुना, चालता रोटर पिशवीत टाका. पिशवीतल्या प्रत्येक भागाने याच गाडीत काम केलेलं असलं पाहिजे. आजकाल मिळणारे स्वस्त रोटर आणि कंडेन्सर दिसायला झकास असतात, पण वीस मैलांत जीव सोडणारेही त्यांत निघतात. माझ्या रोटरमध्ये ठिणगी प्लगकडे जायच्या ऐवजी प्लास्टिकमधून आरपार खालच्या दांड्यात उतरत होती. तपासायची रीत सोपी आहे. कॅप काढा, कॉइलची जाड वायर रोटरच्या मधल्या पितळी पट्टीपासून दोनतीन मिलिमीटरवर धरा (कोरड्या, इन्सुलेशन असलेल्या पक्कडीने, बोटांनी नाही) आणि पॉइंट उघडमीट करा. रोटरवर ठिणगी उडाली तर तो गेला.

आणि एका वेळी एकच भाग बदला. फरक पडला नाही तर जुना परत बसवा, मगच पुढच्याला हात लावा. मी जुना रोटर ओल्या गवतात ठेवला होता. तो टॉर्चच्या उजेडात शोधून, पुसून बसवला तेव्हा कुठे गाडी चालू झाली.

भाग आहेत, तपासायला काही नाही

पिशवीतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे टेस्ट लॅम्प. एक बल्ब, एक टोकदार सुई, एक चिमटा. मीटरपेक्षा मला तोच बरा वाटतो. गंजलेल्या जोडावर मीटर खुशाल 12 व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. बल्ब मात्र मिणमिणतो आणि खरं सांगतो.

या गाडीचं विजेचं सामान लुकास कंपनीचं. लुकासच्या वायरींचे रंग पाठ असले की अर्धं काम झालं. तपकिरी म्हणजे बॅटरीहून थेट, फ्यूजशिवाय. पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी. हिरवी म्हणजे तीच, पण फ्यूजमधून आलेली: ब्रेकलाइट, इंडिकेटर, वायपर. जांभळी फ्यूजमधून, पण सतत चालू: हॉर्न, आतला दिवा. काळी म्हणजे अर्थिंगची, गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडलेली. गाडी झटक्यात बंद पडली तर आधी कॉइलवरची पांढरी बघा. आचके देत, खोकत बंद पडली तर पेट्रोलचा संशय घ्या.

तिथेही वीज आहेच. एसयू कंपनीचा पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. चावी फिरवली की टक्टक् करतो आणि कार्ब्युरेटर भरले की थांबतो. काहीच आवाज नसेल तर उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली हात घालून त्याला पान्याच्या मुठीने हलकेच टकटक करा. पंपाचे पॉइंट चिकटले असतील तर तो दचकून जागा होतो आणि घरापर्यंत नेतो. थांबायचं नावच न घेता टकटकत राहिला तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी हवा शिरतेय.

फ्यूजवरचा 35 चा आकडा

यात भलेभले फसतात. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं ते तो कितीला उडतो त्याचं. सतत वाहायला त्याची कुवत 17 अँपिअरचीच. दुसऱ्या पद्धतीचा, सतत 35 वाहणारा फ्यूज आणून बसवला तर दुप्पट करंटलाही तो हूं की चूं करत नाही, आणि फ्यूजऐवजी वायर जळते. विकत घेताना 17/35 असं स्पष्ट विचारा. हिरव्या वायरीचा फ्यूज दोनदा उडाला तर तिसरा वाया घालवू नका. त्या फ्यूजवरच्या वायरी एकेक सोडवून चोर शोधा. डब्यातल्या पोळीचं फॉइल गुंडाळायचा मोह माझ्या एका मित्राला झाला होता. त्याच्या डॅशबोर्डमागचा वायरींचा जुडगा आता नवा आहे.

पॉइंट घेतले, बारकं सामान विसरलं

लहानपणी आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. पॉइंट गेले की मिस्त्री पॉलिश पेपरचा तुकडा फिरवून गाडी चालू करून द्यायचे. ते बघून वाटायचं, यात काय एवढं? यात एवढं की पॉइंटचा स्क्रू तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असतो आणि रस्त्यावर तो पडतोच, तोही डिस्ट्रिब्यूटरच्या आत. दोन जास्तीचे स्क्रू आणि चुंबकाचा बारीक स्क्रू ड्रायव्हर ठेवा. पॉइंटच्या खांबावर कंडेन्सरची वायर, कॉइलकडची वायर आणि स्प्रिंग हे तिन्ही एकमेकांना टेकले पाहिजेत, पण खांबाला नाही. मधलं प्लास्टिकचं बुश त्यासाठीच असतं. ते चुकलं की ठिणगी बंद. घरी एकदा फोटो काढून ठेवा. पॉइंट पूर्ण उघडल्यावर मधली गॅप 0.015 इंच, म्हणजे 0.38 मिलिमीटर. गॅप मोजायची पातळ पट्टी (फिलर गेज) नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्डावर घर गाठता येतं.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तरी जुने पॉइंट आणि कंडेन्सर फेकू नका. तो डबा मेला की रस्त्यात दुरुस्त होत नाही.

जड सामान

अल्टरनेटर आणि सेल्फ बरोबर घेऊन फिरणारे लोक मी पाहिलेत. कशासाठी? सेल्फ गेला तर गाडी ढकलून चालू होते. अल्टरनेटर गेला तरी दिवसा, हीटरचा पंखा आणि दिवे बंद ठेवून, चांगल्या बॅटरीवर बरंच अंतर कापता येतं. त्या वजनात दोन मीटर वायर, गोल टर्मिनल, बुलेट कनेक्टर आणि टेप घ्या.

बॅटरी आणि अर्थ

माझ्या गाडीत पुढच्या सीटांमागे, गालिच्याखाली 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. जंप स्टार्ट देताना मदतीला आलेला माणूस उत्साहाने एकाच बॅटरीच्या दोन टोकांना 12 व्होल्टचे चिमटे लावतो. त्याचा हात धरा. तसंच 1967 अखेरीपर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असतं. त्या गाडीत फोनचा आजचा चार्जर खुपसायच्या आधी दहादा विचार करा.

सेल्फ फिरताना चोकची केबल गरम झाली, धूर आला, तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी तुटली आहे. सेल्फचा सगळा करंट बिचाऱ्या केबलमधून परततोय. यावर सुटा भाग लागत नाही. जंपर केबलचं एक टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला, दुसरं बॉडीला, आणि निघा. मोटारवेवर असाल तर मात्र यातलं काहीच नको. इंग्लंडात तिथे किरकोळ दुरुस्तीही करू नये असाच नियम आहे. डाव्या दाराने उतरा, कठड्यापलीकडे जा आणि फोन लावा.