सबमिट झालं म्हणजे दाखल झालं नाही, राजेहो

आमच्या सीनियर वकिलाचं जिल्हा न्यायालयातलं इ-फायलिंग, म्हणजे केस ऑनलाईन दाखल करणं, मीच पाहतो, त्यामुळे ऑफिसात नवीन ज्युनियर आला की पहिला प्रश्न ठरलेला, दादा पोर्टल कसं चालवायचं. पोर्टल सोपं आहे बापा. घोळ होतो तो स्कॅनरपाशी, अन् नंतर सबमिट करून निवांत बसलो की.

रजिस्ट्रेशन पटकन होतं, सनदेचा (वकिलीच्या परवान्याचा) नंबर अन् मोबाईलवरचा ओटीपी. फक्त मोबाईल अन् ईमेल असा द्या जो तुम्ही स्वतः रोज उघडता, का ते पुढे सांगतो.

आता स्कॅनिंग. 300 डीपीआय ठेवा, पानं सरळ, अन् पीडीएफ सर्च होणारी म्हणजे ओसीआर केलेली (चित्रातली अक्षरं कॉम्प्युटरला वाचता येतील अशी) पाहिजे. मे महिन्यात कूलरसमोर बसून स्कॅन करू नका, हसू नका, माझं खरंच झालंय, एका दाव्याच्या कागदपत्रांतलं पान 14 उडून टेबलाखाली गेलं अन् 13 नंतर डायरेक्ट 15. स्कॅन झाल्यावर मूळ फाईल मांडीवर घेऊन पान अन् पान ताडून पाहायचं, याला शॉर्टकट नाही. दुसरी भानगड फॉन्टची. टायपिस्ट कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करतो, स्क्रीनवर सुंदर 'वादी' दिसतं, पण तेच कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केलं की इंग्रजीत 'ओ के एन एच' उमटतं, कारण आत अक्षरं इंग्रजीच असतात, मग सर्च कसं लागणार? म्हणून मराठी मजकूर युनिकोडमध्येच करून मागा, टायपिस्ट कुरकुरला तरी. फाईलला नाव पण नीट द्या, 'स्कॅन 0007' नको, 'वकीलपत्र', 'दस्तऐवज यादी' असं.

कोर्ट फी ऑनलाईन भरली की पावती लगेच डाऊनलोड करून त्याच फोल्डरमध्ये टाका. सही आधार ओटीपीने किंवा डिजिटल सिग्नेचरने होते. ओटीपी पक्षकाराच्या आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, तेव्हा पक्षकार शेतात अन् फोन घरी असं व्हायला नको, आधीच फोन करून ठेवा.

अन् मग सबमिट. इथेच लोक चहाला निघून जातात. सबमिट झाल्यावर मॅटर आधी पेंडिंग अॅक्सेप्टन्समध्ये (स्वीकारायचं बाकी) पडतं, मग स्क्रुटिनी म्हणजे तपासणी, त्रुटी निघाली तर डिफेक्टिव्हमध्ये जातं, अन् तिथून कोणी हाक मारायला येत नाही. वर सांगितलेल्या पान 14 च्या दाव्याला त्रुटी लागली होती, मेसेज गेला सीनियरच्या जुन्या ईमेलवर जो कोणीच उघडत नव्हतं, आठ दिवस मी आपला नंबर कधी पडतो याची वाट पाहून राहिलो. तेव्हापासून रोज सकाळी डॅशबोर्ड उघडतो, तर्री पोहे नंतर. मुदतीचा प्रश्न असेल तर शेवटच्या दिवसावर ढकलूच नका.

केस रजिस्टर झाली की सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर, म्हणजे त्या केसचा कायमचा ओळख नंबर, मिळतो, सुरुवात एमएच, शेवटी वर्ष. तो फाईलच्या कव्हरवर जाड मार्करने लिहा. कोर्टाच्या केसेस पाहायच्या इकोर्ट्स अॅपमध्ये टाकताना मधे डॅश किंवा स्पेस देऊ नका, मग पुढची तारीख, आदेश सगळं दिसतं.

घरी कॉम्प्युटर, स्कॅनर काहीच नसेल तर या कामात मदत करणारं इ-सेवा केंद्र आहे. आपल्या नागपुरात तर न्याय कौशल हे देशातलं पहिलं इ-रिसोर्स सेंटर, 31 ऑक्टोबर 2020 ला तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे (नागपूरचेच) यांनी सुरू केलेलं, तिथून थेट सुप्रीम कोर्टातलं फायलिंगसुद्धा करता येतं.

हो, अॅपमधली 'माय केसेस'ची यादी फोनमध्येच राहते, फोन बदलायच्या आधी एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करा. आमच्या एका ज्युनियरचा फोन फुटाळा तलावावर सेल्फी घेताना पाण्यात गेला, अन् दोनशेच्या वर केसेस त्याने परत हाताने टाकल्या.