धातुसंयुगे आणि कर्करोगाच्या पेशी : या संशोधनात येऊ पाहणाऱ्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात मराठी शाळेत शिकून असेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारे बरेच विद्यार्थी पीएच.डी.साठी तांबे, जस्त किंवा रुथेनियमची संयुगे तयार करून ती कर्करोगाच्या पेशींवर तपासण्याचा विषय घेतात. मीही याच वाटेने आलो. पीयूसीनंतर (म्हणजे बारावीनंतर) आपले जीवशास्त्र सुटलेले असते, म्हणून संयुग आपण बनवायचे आणि पेशींची चाचणी पैसे भरून बाहेरून करून घ्यायची, अशी पद्धत रूढ झाली आहे. माझे आग्रहाचे सांगणे असे की, निदान काही आठवडे एखाद्या पेशीसंवर्धन प्रयोगशाळेत उभे राहून ही चाचणी स्वतः शिकावी, कारण तिथे होणाऱ्या अनेक चुका मुळात रसायनशास्त्राच्या असतात आणि त्या आपल्यालाच लवकर दिसू शकतात.

सर्वांत ठळक उदाहरण सिसप्लॅटिन या कर्करोगावरील प्लॅटिनमयुक्त औषधाचे. हे संयुग १९व्या शतकापासून ठाऊक होते. १९६० च्या दशकात अमेरिकी संशोधक बार्नेट रोझेनबर्ग यांना विद्युतक्षेत्रात ठेवलेल्या जिवाणूंचे विभाजन थांबलेले दिसले आणि त्याचे कारण प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेली संयुगे असल्याचे उलगडले. १९७८ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मान्य झाले. आज आपल्या प्रत्येक चाचणीत ते तुलनेसाठी वापरले जाते, परंतु आपली संयुगे पाण्यात विरघळत नाहीत म्हणून सगळ्यांबरोबर तेही सर्रास डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळवले जाते. डीएमएसओमधील गंधक प्लॅटिनमशी बंध जोडतो, क्लोराइड बाहेर पडते आणि औषधाची मारकता पुष्कळ घटते. मग आपले संयुग सिसप्लॅटिनपेक्षा सरस ठरते, आणि ते सरस ठरणे खोटे असते. सिसप्लॅटिन ०.९ टक्के मिठाच्या द्रावणातच घ्यावे. आपले संयुग डीएमएसओमध्ये आणि पेशींच्या माध्यमात २४ ते ७२ तास टिकते का, हे यूव्ही-व्हिजिबल वर्णपटाने आधीच पाहून ठेवावे, म्हणजे वेलमध्ये (चाचणीच्या प्लेटमधील छोट्या खळग्यात) नेमके काय होते याचे उत्तर आपल्याजवळ राहील.

चुकीची दुसरी जागा किती पेशी जिवंत राहिल्या हे मोजणाऱ्या एमटीटी चाचणीची. जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याचे जांभळ्या फॉर्मझानमध्ये क्षपण करतात आणि ५७० नॅनोमीटरच्या आसपास त्याचे शोषण मोजले जाते. मात्र काही धातुसंयुगे पेशींच्या मदतीशिवायही हे क्षपण घडवतात, आणि रंगीत संयुग किंवा तळाला बसलेला साका शोषणाचा आकडा फुगवतो. त्यामुळे पेशी नसलेल्या, केवळ माध्यम आणि संयुग असलेल्या वेल प्रत्येक प्लेटमध्ये हव्यातच. शिवाय मोकळा लिगंड (धातूला जोडला जाणारा रेणू) आणि साधा धातुक्षार यांचीही चाचणी हवी. तांब्याचे क्षार स्वतःच पेशींना घातक असतात. तेव्हा संयुगाचे श्रेय संयुगालाच द्यायचे असेल, तर ही तुलना टाळता येत नाही. निरोगी पेशींवरील आयसी-५० (पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी संयुगाची मात्रा) सोबत नसेल, तर कर्करोगावरील निवडक परिणामाचा दावा करू नये.

कोणती पेशीरेषा (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या एकाच मूळच्या पेशी) घ्यावी? मिळते म्हणून हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी), असे बहुतेकदा होते. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात वाढलेल्या विद्यार्थ्याला तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करावेसे वाटले, तर ते कारण मला अधिक पटते. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या खात्रीच्या ठिकाणाहूनच आणाव्यात.

आपल्या भागातील हवामानाचा विचार करून वेळापत्रक आखावे. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसात वीज जाते, म्हणून इन्क्युबेटरला जनरेटरची जोड आहे का, हे ७२ तासांची प्लेट लावण्यापूर्वी विचारावे. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत बुरशीचा धोका वाढतो. त्या काळात पुठ्ठ्याची खोकी संवर्धनाच्या खोलीत ठेवू नयेत आणि लांबलचक प्रयोग शक्यतो दिवाळीनंतर घ्यावेत.

काही कारणाने नमुने बाहेर पाठवावेच लागले, तर केवळ आयसी-५० चा तक्ता स्वीकारू नये. प्रत्येक वेलचे मूळ शोषण, डीएमएसओचे अंतिम प्रमाण, सिसप्लॅटिन कशात विरघळवले ती नोंद आणि स्वतंत्रपणे केलेल्या किमान तीन प्रयोगांचे आकडे लेखी मागावेत, आणि पैसे भरण्यापूर्वीच मागावेत.