जमिनीवरून धनुष्याने हरणाची शिकार: या चुका टाळा

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे हे सगळे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी, तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल. तिथेही आधी राज्याचा परवाना आणि टॅग (मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी) घ्या. धनुष्याचा किमान ताण (दोरी ओढायला लागणारा जोर, पाउंडांत) आणि शिकारीच्या वेळा राज्यागणिक बदलतात, त्या तपासा.

मचाणावर बसलेल्याची बरीचशी हालचाल हरणाच्या नजरेच्या वर राहते. जमिनीवर ही सवलत नाही, आणि वाराही माफ करत नाही. नवशिके सकाळी हवामानाचे ॲप बघून वाऱ्याची दिशा ठरवतात. डोंगरउतारावर तेवढ्याने भागत नाही. ऊन तापू लागले की हवा उतारावरून वर चढते आणि संध्याकाळी गारवा येताच खाली घरंगळते. म्हणून वारा मंद असेल तेव्हा सकाळी हरणाच्या वाटेच्या वर बसा, संध्याकाळी खाली. खिशात मिल्कवीडच्या शेंगेतले तंतू ठेवा. रुईच्या म्हातारीसारखे ते तरंगत जातात, आणि वारा बघायच्या पावडरीपेक्षा लांबवर हवेचा प्रवास दाखवतात. तंतू हरणाच्या अपेक्षित वाटेकडे गेले तर जागा सोडा. गंध मारणाऱ्या फवाऱ्यावर विसंबून तिथेच बसणे ही सर्वांत महागडी चूक.

कापडी लपण (तंबूसारखा आडोसा) आदल्या दिवशी उभारून चालत नाही. आठवडा-दोन आठवडे आधी उभारा, झुडपाला टेकवा, आणि आजूबाजूच्याच फांद्या लावून त्याच्या सरळ कडा दिसेनाशा करा. मागच्या खिडक्या बंद ठेवा, नाहीतर उजेडात तुमची आकृती उठून दिसते. आत बसताना काळे कपडे घाला, चेहरा आणि हातही झाका.

बाण खिडकीच्या काठाला लागून भरकटतो तो असा: साइटच्या (धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाच्या) पिनमधून मोकळी खिडकी दिसते, पण बाण त्या रेषेच्या सुमारे ८ ते १० सेंमी खाली असतो. बसल्या जागी धनुष्य ताणून बाणाचे टोक काठाच्या वर आहे का, ते दुसऱ्याला बाजूने बघायला सांगा. धनुष्याचा खालचा बाहू (लिम्ब) स्टुलाला किंवा मांडीला टेकत नाही, हेही तेव्हाच पाहा. सराव उभ्याने केला आणि शिकार बसून, तर ही अडचण नेमकी हरीण समोर असताना कळते.

ताणताना धनुष्य आभाळाकडे उचलावे लागत असेल, तर ताण जास्त आहे. २ ते ३ किलो (सुमारे ५ पाउंड) कमी करा आणि पिना पुन्हा जुळवा. नीट धार असलेल्या ब्रॉडहेडला (शिकारीच्या बाणाच्या पातेदार टोकाला) ५० पाउंड ताण पुरतो. ताणायची वेळ हरणाचे डोके झाडामागे असताना किंवा पलीकडे वळलेले असताना. ते तुमच्याकडे टक लावून पाहत असेल, तर हलूच नका.

अंतर २० यार्डांच्या आत ठेवा. सेकंदाला २८० फूट वेगाचा बाण २० यार्डांना साधारण ०.२१ सेकंद घेतो, ४० यार्डांना ०.४३. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो आणि सावध हरीण पळण्यासाठी खाली दबते. बाण मग पाठीच्या वर लागतो किंवा चुकतो. हरीण पूर्ण आडवे, म्हणजे कूस तुमच्याकडे करून उभे, किंवा थोडे पलीकडे वळलेले असेल तरच बाण सोडा. असे आडवे उभे असेल तर नेम पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या तळापासून एक-तृतीयांश उंचीवर. समोरून तोंड करून उभे असलेले सोडून द्या. मचाणावरून चुकलेला बाण जमिनीत रुततो, इथून तो सपाट उडतो. त्यामुळे हरणाच्या मागे मातीचा चढ नसेल, तर बाण सोडू नका.

लागल्यावर लगेच धावत जाणे म्हणजे जखमी जनावर हरवणे, आणि हे आम्हाला कुठल्याही चुकीपेक्षा जास्त खटकते. ते शेवटचे कुठे दिसले ती खूण मनात ठेवा, मग बाण तपासा. गुलाबी, फेसाळ रक्त फुफ्फुसाचे: अर्धा तास थांबा. गडद लाल रक्त यकृताचे असू शकते: ४ ते ६ तास. हिरवट मळ आणि उग्र वास म्हणजे पोट: ८ ते १२ तास, कारण घाई केली तर ते उठून मैलभर जाते आणि मागे थेंबही सापडत नाही. माग सुटला तर अनेक राज्यांत पट्ट्याला बांधलेला माग काढणारा कुत्रा चालतो. त्याच्या मालकाचा नंबर हंगामाआधीच मिळवून ठेवा.